रुमालातली कवळी

१

बाबांना पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी नगरसभेच्या कारकूनबाई त्यांच्या वस्तूंची पिशवी देऊन गेल्या. चष्मा, पेन, किल्ल्या, खूण घातलेलं पुस्तक. तळाशी पांढऱ्या रुमालाची एक पुरचुंडी होती. मी गाठ सोडली. आत बाबांची कवळी होती.

शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांचं तोंड आत ओढल्यासारखं दिसत होतं. मरणानं माणूस असाच होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पुष्कळ वाचणाऱ्यांना अशा समजुती चटकन सापडतात.

"ही दादानं स्वतः काढली?" आत्यानं विचारलं.

"शक्य नाही. आईनंसुद्धा त्यांना कवळीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. दिवा मालवल्यावर काढायचे आणि आम्ही उठायच्या आत बसवायचे."

"आणि रुमाल?"

"बाबांचे सगळे चौकटीचे. हा त्यांचा नाही."

आत्यानं रुमाल उजेडाकडे धरला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन बारीक टाके होते, बाकी काही नाही. ती बाबांची धाकटी बहीण. विमा कंपनीत दावे तपासण्यात तिचा जन्म गेला. जळालेली गोदामं आणि त्याहून जास्त जळजळीत शपथा तिनं पाहिल्या आहेत. लोक तिला खडूस म्हणतात, ती त्याला अनुभव म्हणते.

आमच्या नगरसभेत सभासदांना पगार नाही. याचा गावाला फार अभिमान आहे. 'निःस्वार्थ सेवा' असं सभागृहाच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिलं आहे. पगार नसल्यामुळे प्रत्येक निःस्वार्थी माणसाला पोटासाठी बाहेर धंदा आहे, आणि तो धंदा बहुधा नगरसभेशीच असतो. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. नगरसभा शाळेच्या मुलांसाठी चष्मे विकत घेते, म्हणून निवडून आल्या आल्या बाबांनी दुकान बंद केलं. घेणारा आणि देणारा एकच माणूस नको, म्हणाले. तेव्हापासून घर माझ्या पगारावर चाललं. त्यांनी आयुष्यात एकच ठराव मांडला: सभासदांना पगार द्या आणि त्यांचे बाहेरचे धंदे बंद करा. ज्या संध्याकाळी तो सभेपुढे यायचा होता, त्याच संध्याकाळी बाबा सभागृहात मेलेले सापडले.

अध्यक्षांनी स्मशानात माझे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं होतं, "नेहमीसारखे लवकर आले होते. खिडकीपाशी बसल्या बसल्या गेले. एका क्षणात. आणि दुपारीच मला म्हणाले होते हो, ठराव मागे घेतो म्हणून."

शोकसभेत ते हेच जाहीर करणार होते. एकदा गावासमोर ते बोललं गेलं की बाबांनी स्वतःचाच शब्द गिळला, हे कायमचं ठरणार होतं.

आत्यानं पुरचुंडी पुन्हा बांधली. "एका क्षणात मेलेल्या माणसाची कवळी कशाला कोण काढेल? चप्पल घाल."

२

सभागृहाच्या जिन्याखाली मोबाइल ठेवायचे कुलुपाचे खण आहेत. वर जाताना सभासद आपापला फोन तिथं कोंडतात आणि कामाचे कपडे झाकायला करडा झगा चढवतात. धंदा दाराबाहेर, जनता दाराआत, असा त्याचा अर्थ. अर्थ चांगला आहे. झगेही चांगले आहेत.

"काय पाहिलंत ते सांगा," आत्या कारकूनबाईंना म्हणाली. "काय वाटलं ते नको."

"मी टपाल टाकायला गेले होते. सहाला परतले तर अध्यक्ष आणि दोघं-तिघं जिन्यावर भेटले. आम्ही बरोबरच वर आलो. ते तिथं होते, खिडकीखाली, जमिनीवर. भिंतीला टेकवलेले. पाठीशी झग्यांची गुंडाळी, गुडघ्यांखाली खुर्च्यांच्या उशा. खिडकी सताड उघडी. आणि तोंड असं आत गेलेलं..." बाई माझ्याकडे पाहून थांबल्या. "ओळखूच येईनात हो, ताई."

"डॉक्टर कधी आले?"

"ते बऱ्याच वेळानं. ऑपरेशनमध्ये होते ना. आल्यावर त्यांनी तपासलं, दाखला दिला."

"कुठला डॉक्टर?"

"आपलेच. सभासद डॉक्टर. दुसरे कोण?"

"बरोबर. दुसरे कोण," आत्या म्हणाली. "खोलीत आणखी काही जागचं हललं होतं?"

"फोन. माझ्या खोलीतला. वायर ताणून पार उंबऱ्यावर आणलेला, जमिनीवर. रिसीव्हर मात्र नीट ठेवलेला. मीच उचलून जागेवर ठेवला. त्यांनीच मदतीसाठी ओढला असेल, असं सगळे म्हणाले." त्या जरा घुटमळल्या. "आणि झेरॉक्सचा कागद संपलेला होता. पण ते काय, नेहमीचंच."

आत्या उंबऱ्यावर उभी राहिली. तिथून खिडकी सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"म्हणजे दादानं छाती धरून फोन ओढला, रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, सगळं सभागृह ओलांडलं, झगे गुंडाळले, उशा गोळा केल्या आणि गुडघ्यांखाली बेतानं सरकवून ऐटीत मेला. माझा भाऊ नीटनेटका होता, पण इतका नव्हता."

"मग?"

"अडाणी माणूस काय करतो? आडवं पाडतो, पाणी मारतो, गर्दी करतो. इथं अर्धवट बसवलंय, गुडघे वर घेतलेत, हवा मोकळी केलीय, कवळी काढलीय. करणाऱ्याला हे येत होतं." तिनं उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "किंवा येत नव्हतं, आणि कुणीतरी त्याला फोनवरून एकेक सांगत होतं."

मी खिडकीचा कठडा धरला. म्हणजे बाबा एकटे नव्हते. त्या विचारानं बरं वाटायला हवं होतं.

३

डॉक्टरांचं रुग्णालय गावातली सर्वांत उंच इमारत आहे. आवारात रुग्णवाहिका उभी होती. नगरसभेनं गावाची रुग्णवाहिका चालवायचं काम या रुग्णालयाला दिलेलं आहे. ते काम कुणाला द्यावं हे ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख डॉक्टरच होते. कुंपणानं शेत खाल्लं, एवढंच नाही, तर तसा ठरावही केला. गाडीचं मागचं दार उघडं होतं. ड्रायव्हर आतून हॉटेलांची नावं लिहिलेली कापडाची गाठोडी उतरवत होता.

डॉक्टर कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होते. मध्येच फोन आला, तर नर्सनं तो त्यांच्या कानाला लावला आणि त्यांनी हात न थांबवता पलीकडच्याला गोळी कधी द्यायची ते सांगितलं.

"मोठा झटका होता," मोकळे झाल्यावर ते म्हणाले. "त्यांना कळलंसुद्धा नसेल. मी चार ते सहा थिएटरमध्ये होतो. दोन नर्स साक्षीला आहेत, आणि पेशंटही. अर्थात तो झोपलेला होता." ते हसले, आणि मग मी कोण ते आठवून थांबले.

"तुम्ही दोन कामं कशी सांभाळता, याचं मला फार नवल वाटतं," आत्या म्हणाली.

"जनतेला यशस्वी माणसं हवी असतात, बाई. पगारासाठी राजकारणात येणारे रिकामटेकडे नकोत. जो स्वतःच्या पायावर उभा आहे, तो विकला जात नाही."

"खरंय. विकत घ्यायला मात्र मोकळा असतो. बरं, कवळी कुणी काढली?"

"मी." क्षणभरही वेळ गेला नाही. "तपासताना काढतो आपण. सवय. माझ्याच रुमालात बांधली."

बाजूच्या खाटेवरच्या चादरीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन टाके होते. उशीच्या अभ्र्यावर होते. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरवरही. रुग्णालयाच्या धुलाईची खूण.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "संपलं, आत्या. रुमालही त्यांचा, आणि कारणही बरोबर."

"पोरी, इतकी पुस्तकं वाचतेस आणि कान मात्र कपाटात ठेवतेस. कारकूनबाईंना दादा कधी ओळखू आला नाही? डॉक्टर यायच्या आधी की नंतर?"

मी रस्त्यातच थांबले.

"आधी," मी म्हणाले. "तोंड आधीच आत गेलेलं होतं."

"मग न काढलेली कवळी आपण काढली असं शहाणा माणूस का सांगतो? रुमाल ज्याचा आहे, त्याला झाकायला."

४

वकील नगरसभेचे सभासद आहेत, नगरसभेचे वकीलही आहेत, आणि नगरसभेवर दावा लावायचा असेल तर सल्लाही तेच देतात. त्यांच्या टेबलावर कागदांचे ढीग होते.

"त्या दिवशी मी सहापर्यंत कोर्टात होतो," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांचा ठराव भाबडा होता, पण माणूस सोन्यासारखा. पगार घेणारा लोकसेवक म्हणजे नोकर झाला. सेवा वेगळी, नोकरी वेगळी."

आत्यानं ढिगातला वरचा कागद उचलला. त्याच्या मधोमध एक बारीक काळी रेघ होती. खालच्यावर तशीच. त्याखालीही.

"कारकूनबाईंच्या झेरॉक्स यंत्राची काच तडकलेली आहे," ती म्हणाली. "काल त्यांच्या टेबलावरच्या प्रत्येक प्रतीवर ही रेघ पाहिली. तुमच्या पक्षकारांच्या कागदांवर ती कशी आली?"

"कधीतरी... अडीनडीला..."

"या कागदावर दादा गेला त्या दिवसाची तारीख आहे. बाई टपालाला गेल्या, तुम्ही यंत्राच्या खोलीत शिरलात आणि कागद संपेपर्यंत सेवा केलीत. भिंतीपलीकडे फोन होता. काय ऐकलंत?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मी काही ऐकलं असेल, असं मी म्हणत नाही. पण ऐकलंच असेल, तर ते माझ्या अशिलासंबंधी असल्यामुळे मला बोलता येणार नाही."

"वा! कोण अशील ते आम्ही विचारलंच नव्हतं."

इतक्या वर्षांत वकील पहिल्यांदाच फुकट काहीतरी देऊन बसले होते.

"डॉक्टर तुमचे अशील आहेत ना?" मी विचारलं. "रुग्णालयाचे सगळे खटले तुमच्याकडेच असतात."

"ताई, मला बायकापोरं आहेत," वकील म्हणाले.

"मलाही वडील होते," मी म्हणाले.

५

अध्यक्षांना गाव फकीर म्हणतं. त्यांना धंदा नाही, शेत नाही, दुकान नाही. पगार घेत नाहीत. निवडणुकीत ते एवढंच सांगतात, आणि लोक डोळे पुसत मतं देतात. ते रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहतात. कोपऱ्यात पलंग, भिंतीवर मानपत्रं.

"या, बाळ," ते मला म्हणाले. त्यांनी स्वतः पाणी आणलं. ग्लासवर स्वच्छ रुमाल झाकलेला होता. "मी तुझ्याकडे येणारच होतो. बाबांची जागा रिकामी ठेवायची नाही. तू ये. बिनविरोध. सगळ्यांशी बोललोय मी."

"आणि ठराव?"

"तो त्यांनीच मागे घेतला ना. त्यांना पटलं होतं शेवटी. माझ्याकडे बघ. मी कुठं पगार घेतो? अडलंय का काही माझं?"

"खोलीचं भाडं?" आत्यानं विचारलं.

"डॉक्टर घेत नाहीत. मोठं मन आहे."

"जेवण?"

"खालच्या स्वयंपाकघरातून येतं."

"आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर फकीर," आत्या म्हणाली.

फकिराचा आवाज चढला नाही. मऊच राहिला, तेच त्याचं भांडवल. "तुमच्या भावाचं काय वेगळं होतं, बाई? त्यांना कोण पोसत होतं? ही पोरच ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच. त्यांना त्याची लाज वाटायची. म्हणून तर त्यांनी ठराव आणला. तुम्हाला तुमची वाटत नाही, म्हणून तुम्हाला मानपत्रं मिळतात."

मी ग्लासवरचा रुमाल उचलला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन टाके होते.

६

शोकसभेला सभागृह भरलं होतं. सगळे झग्यात होते. बाबांचा झगा खुंटीवर होता. फकीर बोलायला उभे राहिले. "आमचे सहकारी शेवटच्या दिवशी मला म्हणाले..."

"थांबा," आत्या म्हणाली. "शेवटच्या दिवशी तो काय म्हणाला, ते आधी नीट ठरवू."

आणि तिनं सांगितलं. आवाज न चढवता, दावा फेटाळताना सांगत असेल तसं.

"माझ्या भावाला जमिनीवर बसवून, गुडघे वर घेऊन, त्याची कवळी काढणारा माणूस डॉक्टर नव्हता. डॉक्टर थिएटरमध्ये होते, ते खरंच बोलताहेत. पण हात अडकले असले तरी कान मोकळा होता. तिथं नर्स फोन धरते, ते आम्ही पाहिलंय. इथला फोन उंबऱ्यावर ओढलेला होता, कारण इथला माणूस तिकडे ऐकत होता आणि इकडे करत होता. त्यानं कवळी स्वतःच्या रुमालात बांधली, आणि सगळं संपल्यावर खाली उतरून तो इतरांबरोबर पुन्हा वर आला. रुमालावर रुग्णालयाच्या धुलाईची खूण आहे. रुमाल आपला, असं डॉक्टर सांगतात, पण ते पोचायच्या आधीच कवळी निघालेली होती. मग रुग्णालयात धुतलेला रुमाल खिशात घेऊन इथं आणखी कोण येतं? ज्याला धंदा नाही, पगार नाही आणि ज्याचं धुणंसुद्धा दुसऱ्याच्या घरी फुकट धुतलं जातं, तो."

वकील स्वतःच्या झग्याच्या बाह्या पाहत होते.

"वकीलसाहेब, इथं तुमचे अशील दोन आहेत," आत्या म्हणाली. "डॉक्टर एक, नगरसभा दुसरी. आज कुणाची बाजू घेताय?"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. वकिलांनी गर्दी पाहिली, डॉक्टरांना पाहिलं आणि हिशेब केला. "आवाज अध्यक्षांचा होता," ते म्हणाले. "ते म्हणत होते, 'बसवलं... हो, गुडघे वर... काढली कवळी. गाडी कुठं आहे?' पुढचं मला ऐकू आलं नाही."

"मी पळून गेलो नाही!" फकीर म्हणाले. आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी त्यांचा हात धरून बसलो होतो. अगदी शेवटपर्यंत. मी माणूस आहे!"

"किती वेळ?" मी विचारलं.

त्यांनी हातातला भाषणाचा कागद दुमडला.

"एका क्षणात गेले, असं तुम्ही मला सांगितलं होतंत. गाडी का नाही आली?"

उत्तर मला माहीत होतं. ते मी आवारात पाहिलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. रुग्णालयाची लाँड्री हॉटेलांच्या चादरीही धुते. त्या संध्याकाळीही गावाची रुग्णवाहिका त्या चादरी पोचवत होती.

"डॉक्टर म्हणाले, येतेय," फकीर म्हणाले. "येतेय, येतेय म्हणाले. मला काय माहीत..."

"शेजारच्या गावची गाडी मागवता आली असती."

"त्याच दिवशी ठराव होता, बाळ. बाहेरची गाडी दारात आली असती, तर सगळ्यांनी विचारलं असतं, आपली कुठं आहे म्हणून." त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, जसं घरमालकाकडे पाहतात तसं. "मी तरी काय करणार होतो? मी कुणाच्या घरात राहतो, ते तुम्हाला माहीत आहे."

डॉक्टर म्हणाले, "मी एक आयुष्य टेबलावर सांभाळत होतो." ते खरंच होतं. ते अर्धं मिनिट डॉक्टर होते. त्यांनी जे सांगितलं ते अगदी बरोबर सांगितलं. फोन ठेवल्यावर ते सभासद झाले.

"बाबा काय म्हणाले?" मी विचारलं. "ठराव मागे घेतो, असं म्हणाले?"

फकीर माझ्याकडे वळले. या माणसाकडे द्यायला स्वतःचं असं काहीच नव्हतं. खोली दुसऱ्याची, अन्न दुसऱ्याचं, कपड्यांवरची खूणसुद्धा दुसऱ्याची. माझ्या बाबांचं शेवटचं वाक्य तेवढं त्यांच्याकडे होतं, आणि त्याच्या जागी त्यांनी खोटं ठेवलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "कवळी काढल्यामुळे नीट कळत नव्हतं. दोनदा म्हणाले. 'यांची नको. बाहेरची बोलवा.'"

आत्यानं माझा हात धरला. तो मी सोडवून घेतला नाही.

मग जे झालं, ते आमच्या नगरसभेला शोभेलसंच झालं. चौकशी समिती नेमावी अशी सूचना आली. समितीला वैद्यकीय सल्ला लागेल, म्हणून कुणीतरी डॉक्टरांचं नाव घेतलं आणि दोघांनी अनुमोदनही दिलं. वकिलांनी मुद्दा काढला की ठराव मांडणारा हयात नाही, त्यामुळे ठरावही हयात नाही. आपण सुटलो, असं वाटून बरेच झगे सैल झाले.

"रिकाम्या जागेसाठी मी उभी राहते," मी म्हणाले. "बिनविरोध नको, निवडणूक घ्या. माझी नोकरी मी सोडेन आणि हाच ठराव पुन्हा मांडेन. तो मंजूर झाला, तर पगार घेईन. फुकट काम करणार नाही."

सभागृहात कुजबुज झाली. पगार हा शब्द तिथं शिवीसारखा वाजला. माणूस मेला त्यापेक्षा त्याच्या मुलीनं पगार मागितला, याचा काहींना जास्त धक्का बसला.

मागच्या बाकावरून एक बस ड्रायव्हर उठला. त्याच्या अंगावर झगा नव्हता. "ताई, एक विचारू का? किती घेणार पगार?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आत्यानं पिशवीतून तो रुमाल काढला, धुऊन इस्त्री केलेला, आणि अध्यक्षांपुढे टेबलावर ठेवला.

"धुणं आपल्या घरी धुता येईल," ती म्हणाली, "एवढा."